सेम्बावांगचे रोडगे

मुलगी परदेशातून सुट्टीला घरी येणार म्हटलं की आया चकल्या तळतात आणि बाप विमान उतरायच्या कितीतरी आधी विमानतळावर जाऊन बसतात. एवढ्यावरच भागलं असतं, तर उत्तमराव मेश्रामांच्या घरी २००६च्या डिसेंबरात जे घडलं ते घडलं नसतं, आणि सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या मराठी मंडळींना पुढे कित्येक वर्षं हसायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं असतं.

सुरुवात झाली ती एका फोननं. एकता ही मेश्रामांची एकुलती एक मुलगी. जर्मनीत आखेनला इंजिनियरिंग शिकायची. आदल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ती आली नव्हती. "हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर आहे, धमाल चाललीय," असं तिनं फोनवर सांगितलं होतं आणि आईबापांनी ते आनंदानं मानलं होतं. या वर्षी मात्र तिकीट काढलं होतं. संजीवनीबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, फोनवर पहिला प्रश्न विचारला तो सगळ्या आया विचारतात तोच.

"काय खायचंय ते आत्ताच सांग. मग ऐन वेळी वांधे होतात."

तिकडून आधी नुसती खरखर ऐकू आली. मग एकता म्हणाली, "आई, इथं थंडी खूप आहे गं, पण थंडीची मजा नाही. आपण सुट्टीत विवेककाकाच्या मळ्यात रोडगे केले होते ना, काटोलला? मी सहावीत होते. सगळे शेकत बसलो होतो. तसं काहीतरी पाहिजे."

झालं. उत्तमराव शेजारी उभे राहून फोनला कान लावून ऐकत होते. मूळचे नागपूरचे, सेम्बावांगच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. समोर बिघाड आला की हात शिवशिवायचेच. मुलीच्या आयुष्यात थंडीची मजा नाही, हा त्यांच्या मते बिघाड होता, आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता.

"करू," संजीवनीबाई फोन ठेवून म्हणाल्या. "ओव्हनमध्ये मस्त होतात म्हणे रोडगे."

"ओव्हनमध्ये?" उत्तमरावांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांच्या आईबद्दल काही बोललं. "ओव्हनमधून निघाला तर त्याला केक म्हण. रोडगा म्हणू नको."

ज्यांना रोडगा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, कारण उत्तमरावांनाही त्या महिन्यात तो प्रत्येकाला समजावून सांगावा लागला. जाडसर दळलेल्या कणकेचे, आत तेलाचे पदर दिलेले गोळे करायचे, गोवऱ्यांचा आर पेटवायचा, त्या निखाऱ्यांत ते पुरायचे, वरून राख सारायची आणि वाट बघायची. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवून, झणझणीत वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. कणीक सिंगापुरात मिळते. वांगी मिळतात. तूप मिळतं. गोवऱ्या?

"गोवऱ्याच कशाला हव्यात?" निशिकांत म्हणाला. निशिकांत हा त्यांचा मित्र, एका आयटी कंपनीत मॅनेजर. मूळ पुण्याचा असल्यामुळे जो विषय माहीत नाही त्यावर तो जास्त खात्रीनं बोलायचा. "कोळसा घ्या. कार्बन तो कार्बन."

"अरे, मग चहा आणि काढा एकच का? दोन्हीत पाणी असतं."

निशिकांतला याचं उत्तर सुचलं नाही, म्हणून तो मदत करायला तयार झाला. त्याच्या मदतीची ही पद्धतच होती.

पहिली फेरी लिटल इंडियात. तिथं पूजेच्या सामानाच्या एका दुकानात खरंच गोवऱ्या निघाल्या! बशीएवढ्या, गोल, प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद, एखाद्या महागड्या साबणासारख्या. उत्तमरावांनी होती नव्हती तेवढी सगळी पाकिटं काउंटरवर आणून ठेवली. दुकानदार हरखला. "विच पूजा, सार? गणपती होमम? हाउस वॉर्मिंग?"

इथं एक शब्द 'येस' म्हटला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण उत्तमराव रोज सकाळी पंचशील म्हणणारे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानसहान बाबतीत तर ते जास्तच कसोशीनं पाळायचे, कारण मोठ्या बाबतीत खोटं बोलायची वेळ माणसावर येते तरी किती?

"नो पूजा," ते म्हणाले. "फॉर ब्रेड. वी विल बर्न अँड ईट."

दुकानदारानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाकिटांकडे. मग एकेक पाकीट उचलून परत फळीवर ठेवलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, दुःख होतं, आणि तेच जास्त लागलं. बाहेर आल्यावर निशिकांत म्हणाला, "येस म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तू का नाही म्हणालास?"

"मी कशाला म्हणू? रोडगे तुमचे."

आता एकच मार्ग उरला होता: स्वतः थापायच्या. उत्तरेला शेतांच्या बाजूला गायी पाळणारं एक छोटं फार्म होतं. पुढच्या रविवारी निशिकांतची नवीकोरी गाडी, जिच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं, त्या फार्मच्या दारात जाऊन उभी राहिली. शेण आणायचंय हे उत्तमरावांनी आधी स्पष्ट सांगितलं होतं. निशिकांतला वाटलं, विनोद आहे.

फार्मचा चिनी मालक म्हणाला, "फॉर गार्डन, आह?"

"फॉर कुकिंग," उत्तमराव म्हणाले. चौथं शील.

मालक इतका हसला की त्यानं दोन बादल्या फुकट भरून दिल्या आणि गाडी नजरेआड होईतो हात हलवत राहिला. परतताना रस्त्यावर एक उंचवटा आला. निशिकांतनं तो सावकाश घेतला, पण बादल्यांनी सावकाश घेतला नाही. त्यानंतर रुपाली, म्हणजे निशिकांतची बायको, बरेच दिवस एमआरटीच्या मेट्रोनंच फिरली. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. निशिकांतनं सगळ्यांना सांगितलं.

लहानपणी उत्तमरावांनी आईला गोवऱ्या थापताना शेकडो वेळा पाहिलं होतं. थाप, पलटी, भिंतीवर चिकटव, की झाली. पण पाहणं वेगळं आणि थापणं वेगळं. स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत वर्तमानपत्रं अंथरून, बर्म्युडा चड्डीवर उकिडवे बसून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या काही गोवऱ्या तर सिंगापूरच्या नकाशासारख्याच निघाल्या. मग हळूहळू तळहाताला काहीतरी आठवलं. बोटांचे ठसे उमटलेल्या, गोल, सारख्या गोवऱ्या व्हायला लागल्या. एका गोवरीकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. तो ठसा त्यांना आपल्या हाताचा वाटेना.

"अहो, रडताय का शेणाला धरून?" संजीवनीबाईंनी दारातून विचारलं.

"वास डोळ्यांत जातोय," उत्तमराव म्हणाले. चौथ्या शीलाला त्या महिन्यात पडलेली ही एकच खोट.

प्लायवुडच्या फळीवर मांडून गोवऱ्या बाहेरच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये वाळायला ठेवल्या. आणि डिसेंबर हा सिंगापुरात पावसाचा महिना. आपल्याकडे हिवाळा कोरडा असतो, इथं मात्र आभाळ रोज दुपारी आठवणीनं गळतं. गोवऱ्या वाळेनात. टेबलफॅन लावला. त्याचा वारा वास घेऊन थेट शेजारच्या मिस्टर लिमच्या दारात जाऊ लागला. मिस्टर लिम हे निवृत्त शाळामास्तर, अत्यंत सभ्य. ते बाहेर आले, फळीकडे वाकून बघितलं आणि खूश झाले.

"वाह, सो मेनी कुकीज! फॉर क्रिसमस, आह? चॉकलेट?"

उत्तमरावांनी खरं ते सांगितलं. मिस्टर लिम एक पाऊल मागे सरकले. पण चाळीस वर्षं मुलांची उत्तरं ऐकलेला माणूस असा एका उत्तरानं डगमगत नाही. ते गंभीरपणे मान हलवत म्हणाले, "आय सी. फॉर हेल्थ, इज इट?"

तक्रार त्यांनी केली नाही. कोणीतरी वरच्या मजल्यावरून केली. दुसऱ्या दिवशी इमारतीची देखभाल बघणाऱ्या ऑफिसातून एक तरुण माणूस आला. नम्र होता, पण वही-पेन घेऊन आलेला.

"सर, दिस वन इज व्हॉट?"

"फ्युएल," उत्तमराव अभिमानानं म्हणाले.

"फ्युएल कॅनॉट स्टोअर इन कॉरिडॉर, सर. फायर हॅझर्ड."

"ओके. देन काउ डंग."

"ॲनिमल वेस्ट ऑल्सो कॅनॉट."

"देन व्हॉट कॅन?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "पॉटेड प्लांट कॅन."

क्षणभर उत्तमरावांच्या मनात प्रत्येक गोवरीत एकेक मिरचीचं रोप खोचायचा विचार येऊन गेला. पण संजीवनीबाई मागे उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत फळी आत आली, आणि घरात ज्या एकाच खोलीत कोणी राहत नव्हतं त्या खोलीत गेली. खिडक्या बंद, एअरकॉन 'ड्राय'वर. इंजिनियर माणूस. दोन दिवसांत गोवऱ्या कडक झाल्या.

ती खोली एकताची होती.

एकता आली ती काळ्या लांब कोटात, वाळलेली, डोळ्यांखाली सावल्या घेऊन. विमानतळावर आईच्या गळ्यात पडली आणि सोडायलाच तयार होईना. घरी येऊन आपल्या खोलीचं दार उघडलं, आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, माझ्या खोलीत गाय होती का?"

सरप्राइज फोडायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. उत्तमरावांनी विपश्यनेतलं आर्यमौन पाळलं. एकतानं उशी उचलली आणि हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन झोपली. ती जवळजवळ तीन दिवस झोपलीच. उठली की चहा, चार शब्द, पुन्हा झोप. रुपाली भेटायला आली तेव्हा फक्त हसली. जुन्या शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला तर म्हणाली, "नेक्स्ट वीक लाह," आणि ठेवला. पूर्वी ही पोरगी जेवताना बोलत सुटायची, इतकी की घास गार व्हायचा.

"दमलीय," उत्तमराव म्हणाले.

"दमलेली नाही ती," संजीवनीबाई म्हणाल्या. उत्तमरावांना हे वाक्य अजिबात आवडलं नाही. त्यांनी आणखी जोरानं रोडग्यांच्या मागे लागायचं ठरवलं.

सेम्बावांग पार्कमध्ये समुद्राकाठी बार्बेक्यूसाठी सिमेंटचे ओटे आहेत. परवाना मशिनवर काढायचा. डिसेंबरातले सगळे शनिवार-रविवार कधीच गेले होते. मिळाला तो नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दुपारी वरात निघाली: पुढे कणकेचं पातेलं घेतलेल्या संजीवनीबाई, मागे वांग्याच्या भाजीचा डबा घेतलेली, काय चाललंय हे न समजणारी एकता, मग गोवऱ्यांच्या पिशव्या लादलेले उत्तमराव. निशिकांत आणि रुपाली वेगवेगळे आले, तो गाडीनं आणि ती बसनं. मिस्टर लिमनाही बोलावलं होतं. ते बिस्किटांचा डबा घेऊन आले, कारण काय खायला मिळेल याबद्दल त्यांच्या मनात अजून शंका होती.

पिशवी उघडली तसा एकताला वास आला. तिनं आत डोकावून पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा. हे माझ्या खोलीत होतं?"

"रोडगे," उत्तमराव म्हणाले.

ओट्याजवळ जाऊन तिनं वरची लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवली.

गोवऱ्या वरून कडक झाल्या होत्या, पण पोटात ओल होती. उत्तमरावांनी काडी लावली तेव्हा जाळ झाला नाही, धूर झाला. असा धूर की सामुद्रधुनीपलीकडचं मलेशियातलं जोहोर दिसेना. त्या वर्षी ऑक्टोबरात इंडोनेशियातल्या वणव्यांच्या धुरानं सगळं सिंगापूर खोकलं होतं आणि लोक नुकतेच ते विसरले होते. पार्कमधली माणसं नाकाला रुमाल लावून आभाळाकडे पाहू लागली. "हेझ कमिंग बॅक, आह?" मिस्टर लिम काळजीनं म्हणाले. शेजारच्या ओट्यावर एक मलाय कुटुंब कोंबडी भाजत होतं. त्यांच्यातल्या आजोबांनी आपली कोंबडी उचलली आणि वाऱ्याची दिशा बघून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेली.

"उत्तमराव, खालून नाही, वरून पेटवा," निशिकांत म्हणाला.

"वरून नाही, बाजूनं," रुपाली म्हणाली. त्या दोघांचं त्या महिन्यातलं हे पहिलं संभाषण.

उत्तमराव फुंकत होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ज्या हातांनी कितीतरी जहाजं परत समुद्रात लोटली, त्यांना एक शेकोटी पेटवता येत नव्हती, आणि ते सगळा पार्क बघत होता. मग पार्कचा रखवालदार आला.

"अंकल, दिस वन यू बर्न व्हॉट? ओन्ली चारकोल कॅन."

उत्तमराव उत्तर द्यायला उठले. काय उत्तर देणार हे संजीवनीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात एकता पुढे झाली.

"अंकल, सॉरी लाह," ती म्हणाली. "माय फादर, फर्स्ट टाइम. वी पुट चारकोल नाऊ, ओके? टेन मिनिट्स, स्मोक ऑल गॉन. प्रॉमिस."

आणि मग तिनं कोट काढला. सिंगापूरच्या त्या दमट उकाड्यातही चार दिवस तो तिनं अंगावरून उतरवला नव्हता. बाह्या सरसावून ती ओट्यापाशी बसली. "बाबा, सरका. हवा खालून जायला पाहिजे. एवढ्या दाटीनं रचतात का? तुम्ही इंजिनियर ना?" मलाय आजोबांकडे जाऊन तिनं मूठभर कोळसा मागितला; त्यांनी पिशवीच दिली. तिनं गोवऱ्या फोडल्या, मधे पोकळी ठेवून रचल्या, खाली निखारे सारले, मिस्टर लिमच्या बिस्किटांच्या डब्याच्या झाकणानं वारा घातला. धूर पातळ झाला, मग थरथरला, आणि जाळ उभा राहिला. मलाय कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. रखवालदार काही वेळ बघत उभा राहिला आणि "ओके, ओके, केअरफुल," म्हणून निघून गेला. एकता हसत होती. तोंड काजळलेलं, केस विस्कटलेले. उत्तमरावांना काटोलची सहावीतली पोरगी दिसली.

रोडगे निखाऱ्यांत पुरले, आणि आभाळ फुटलं.

आडवा, समुद्रावरून येणारा पाऊस. सगळे छपराखाली पळाले. उत्तमराव आणि निशिकांत मात्र ओट्यावर छत्र्या धरून उभे राहिले, एखाद्या राजाच्या दोन्ही बाजूंना सेवक उभे असतात तसे. निशिकांत नखशिखांत भिजला होता. त्या छत्रीपायी त्याचे आधीचे सगळे सल्ले उत्तमरावांनी मनोमन माफ केले.

छप्पर दहा पावलांवर होतं, आणि पावसातही उत्तमरावांना तिथलं सगळं ऐकू येत होतं.

"आई, मला परत नाही जायचं," एकता म्हणाली.

संजीवनीबाईंनी तिच्या केसांतली राख झटकली.

"मागच्या नाताळात मैत्रिणी वगैरे कोणी नव्हत्या. सगळ्या आपापल्या घरी गेल्या होत्या. पूर्ण हॉस्टेलमध्ये मी एकटी. दुकानं बंद, रस्ते रिकामे, साडेचारला अंधार. चार दिवस मी कोणाशी एक शब्द बोलले नाही. शेवटी माझाच आवाज येतोय का बघायला मोठ्यानं पाढे म्हटले."

छत्री धरलेल्या उत्तमरावांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, की माझी पोरगी चार दिवस गप्प बसली आणि मला कळलं नाही. दुसरी, आणि हिची त्यांना लाज वाटली, की बरं झालं, नको जाऊस, इथंच राहा. ती दुसरी अगदी जिभेवर आली होती.

"आपण इथं आलो तेव्हा तू दोन वर्षांची," संजीवनीबाई शांतपणे म्हणाल्या. "बाबा गोदीत जायचे. मला इंग्रजी येत नव्हतं, कोणी ओळखीचं नव्हतं. मी तुला कडेवर घेऊन खाली बसस्टॉपवर जाऊन बसायची. बस थांबली की मी नको म्हणून मान हलवायची. नुसती माणसं बघायला बसायची गं. एक ड्रायव्हर मला ओळखायला लागला. रोज विचारायचा, 'टुडे गोइंग?' तो माझा इथला पहिला स्नेही."

"आणि मग?"

"मग एक दिवस त्या बसमध्ये चढले. कुठं जाते ते बघायला."

"कुठं गेली?"

"वुडलँड्सला. काही नव्हतं तिथं. परत आले." त्या हसल्या. "तुला राहायचं तर राहा. हे घर तुझंच आहे. पण आत्ता ठरवू नको. उपाशी माणसानं काही ठरवू नये."

"किती दिवस रडलीस तू, आई?"

"काहून विचारतेस? दोनेक हिवाळे असतील. इथं हिवाळाच नाही, मोजणार कसे?"

पाऊस ओसरला. राख बाजूला केली. रोडगे वरून कोळशासारखे काळे, आणि काही आतून कच्चे. पण मधले काही, देव जाणे कसे, अगदी बेतशीर भाजले होते. फोडले तसे पदर सुटे झाले, वाफ आली, तूप आत झिरपलं. सगळे उभ्यानंच खात होते. निशिकांत तिसरा घेत होता. मलाय कुटुंबाकडे एक ताट गेलं, तिकडून कोंबडी आली. मिस्टर लिमनी एक घास घेतला, बराच वेळ चावला, आणि मास्तरी गांभीर्यानं म्हणाले, "व्हेरी स्मोकी. कॅन आय हॅव वन मोर?"

एकतानं किती खाल्ले ते कोणी मोजलं नाही. बोटं चाटत ती बापाजवळ येऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या केसांना गोठ्याचा वास येत होता. उत्तमरावांना वाटलं, ही संध्याकाळ अशीच एखाद्या बाटलीत भरून ठेवता आली असती तर. पण तसं करता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा माणसं ती वर्षानुवर्षं सांगत बसतात.

त्यानंतरच्या आठवड्यात ती हॉकर सेंटरला खायला गेली, जुन्या मैत्रिणींना भेटली, आईशी भांडली, बापाच्या भुवयांवर हसली. परत जायचं की नाही हा विषय कोणी काढला नाही. उत्तमराव रोज सकाळी वाट बघायचे की ती म्हणेल, मी राहते. एकदा चहा पिताना ती सहज म्हणाली, "आई, ती इराणची मुलगी आहे ना माझ्या मजल्यावर, तीही सुट्टीत एकटीच असते. मी कधी तिचं दार वाजवलंच नाही." एवढंच. दुसऱ्या दिवशी बॅग हॉलमध्ये आली. उत्तमरावांनी ती वजनकाट्यावर ठेवली, आणि तिचं एक चाक अडत होतं त्याला तेल घातलं.

विमानतळावर काचेच्या दाराशी तिनं दोघांना मिठी मारली. आईनं डबा, स्वेटर, टोपी असं सगळं पुन्हा एकदा विचारलं. एकता आत वळली, दोन पावलं गेली आणि मागे फिरून ओरडली, "घरी पोचले की फोन करते हं!"

संजीवनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोघांनाही तो शब्द ऐकू आला होता. ती अजून मागे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"हो," उत्तमराव हात उंच करून म्हणाले, "नीट जा. घरी पोचलीस की कर."